सामायिक फाईल हरवते तेव्हा



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, ते शाळेचे ग्रंथालय सांभाळीत. नोंदवहीत सही केल्यावाचून पुस्तक नेणाऱ्यास ते दारातूनच परत बोलावीत. त्या शिस्तीचे मोल मला पुढे एका चुकीने शिकविले.

२००१ साली बेळगावातील एका कार्यालयाच्या संगणकातून मी एक जुना प्रोग्राम काढीत होतो. 'ही सामायिक फाईल आता कोणी वापरीत नाही असे दिसते, काढावी काय?' असा प्रश्न पडद्यावर आला. मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी पगारपत्रकाचा प्रोग्राम उघडेना. अमुक डी.एल.एल. फाईल सापडत नाही, एवढाच संदेश येई. महिनाअखेर होती, सर्वांचे पगार अडले.

डी.एल.एल. म्हणजे डायनॅमिक लिंक लायब्ररी. प्रत्येकाने मोठा शब्दकोश विकत न घेता ग्रंथालयातील एकच प्रत सर्वांनी पाहावी, तसे हे आहे. अनेक प्रोग्रामना लागणारी कामे एका फाईलमध्ये ठेवलेली असतात. १९८५ साली विंडोज आली तेव्हा संगणकाची स्मृती तुटपुंजी होती. ही काटकसर आवश्यकच होती.

परंतु सामायिक कोश हरवला तर सर्वांचे काम थांबते. त्याची पाने फाटतात, तशी डिस्कच्या बिघाडाने वा व्हायरसमुळे फाईल दूषित होते. तिसरा प्रकार फसवा : कोश जागेवर असतो, पण आवृत्ती निराळी. नवा प्रोग्राम बसविताना जुन्या फाईलवर दुसरीच आवृत्ती लिहिली जाई आणि इतर प्रोग्राम बंद पडत. जाणकार यास 'डी.एल.एल. नरक' म्हणत.

माझ्या बाबतीत दोष नोंदीचा होता. सामायिक फाईल किती प्रोग्राम वापरतात याची मोजणी विंडोजमध्ये असते. मात्र ती नोंद प्रोग्राम बसविणाऱ्या आज्ञावलीनेच करावयाची असते. पगाराच्या प्रोग्रामने ती केली नव्हती. सही न करता पुस्तक नेलेल्या वाचकासारखाच तो! मूळ सी.डी.वरून तो पुन्हा बसविला, तेव्हा दोन दिवस उशिरा पगार झाले.

विंडोज २००० मध्ये मूळ प्रणालीच्या फाईलींना संरक्षण मिळाले; २००१ च्या एक्स.पी.मध्ये एकाच फाईलच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू लागल्या. तरीही हा संदेश आजही भेटतो. तेव्हा प्रथम फाईलचे नाव टिपून घ्यावे. एकच प्रोग्राम अडत असेल तर तो मूळ प्रतीवरून पुन्हा बसवावा. फाईल व्हिज्युअल सी प्लस प्लसची असल्यास मायक्रोसॉफ्टचा मूळ संच घ्यावा. प्रणालीचीच फाईल असल्यास 'सिस्टीम फाईल चेकर' चालवावा. तो जतन केलेल्या प्रतीवरून दुरुस्ती करतो. डिस्कच खराब होत असल्याचा संशय आल्यास आधी आपल्या कामाची प्रत काढावी. अनोळखी संकेतस्थळावरून सुटी फाईल मात्र कदापि आणू नये; तिची आवृत्ती कोणती आणि तिच्यात काय दडले आहे, हे आपणांस कळत नाही.

त्या प्रसंगानंतर 'काढावी काय?' या प्रश्नास मी चौकशीवाचून कधी 'हो' म्हटले नाही.