आधी जनावरे, मग माणूस

होसे दे अकोस्ता या स्पॅनिश जेझुइट धर्मगुरूने पेरू आणि मेक्सिकोत अनेक वर्षे काढल्यावर १५९० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत माणूस पोहोचला कसा, हा तेव्हा युरोपातल्या विद्वानांना छळणारा प्रश्न होता. अकोस्ताने तो जनावरांकडून सोडवायला घेतला. माणूस नावेतून आला असे एकवेळ मानता येईल, उपयोगाची जनावरेही त्याने बरोबर आणली असतील. पण लांडगे आणि कोल्हे जहाजात घालून समुद्रापार कोण नेईल? ती जनावरे पायीच आली असणार. म्हणजे कुठेतरी, बहुधा उत्तरेकडे, जुने जग आणि नवे जग एकमेकांना चिकटलेले असणार, निदान फार जवळ असणार. आणि जनावरे ज्या वाटेने आली त्याच वाटेने माणूसही आला असणार. व्हिटस बेरिंगचे जहाज आशिया आणि अमेरिकेमधल्या सामुद्रधुनीतून जायला आणखी १३८ वर्षे होती. नकाशा हाताशी नसताना केवळ तर्काने काढलेला हा निष्कर्ष बरोबर ठरला. त्याहून मोलाची होती ती अकोस्ताची पद्धत: माणसाची वाट शोधायची तर आधी जनावरांची वाट शोधा. विसाव्या शतकातल्या अमेरिकी पुरातत्त्वाने ही पद्धत बराच काळ बाजूला ठेवली. त्याची किंमत म्हणून निदान दोन पिढ्यांचे संशोधन एका अरुंद वाटेत अडकून पडले, असे माझे मत आहे.

बेरिंगची सामुद्रधुनी आज सुमारे ८५ किलोमीटर रुंद आहे आणि तिची खोली जेमतेम ५० मीटरच्या आसपास. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे २६ हजार ते १९ हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचे एवढे पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती. तेव्हा तिथे कोरडी जमीन होती, आणि तीही चिंचोळी पट्टी नव्हे; उत्तर-दक्षिण हजार किलोमीटरहून अधिक पसरलेला प्रदेश होता तो. १९३७ साली एरिक हुल्टेन या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला बेरिंगिया हे नाव दिले. सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंच्या वनस्पतींची पाहणी करताना त्याला दिसले की अनेक जाती याच भागाला केंद्र धरून दोन्हीकडे पसरल्या आहेत. त्यावरून त्याने ताडले की, हिमयुगात बाकी उत्तर गोठलेली असताना इथे मात्र झाडेझुडपे तग धरून होती. पुढे डेव्हिड हॉपकिन्स या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने सगळी हयात या बुडालेल्या प्रदेशामागे घालवली. हवा फार कोरडी असल्यामुळे बेरिंगियाच्या बहुतेक सखल भागावर हिमनद्या साचल्याच नाहीत. कडाक्याची थंडी होती, पण गवत होते, आणि गवत होते म्हणून कळप होते.

या कळपांच्या हालचाली पाहिल्या की आशियातून अमेरिकेकडे गेलेली एकेरी वाट ही कल्पना टिकत नाही. घोडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. त्याच्या पूर्वजांचा पाच कोटी वर्षांहून जुना इतिहास तिथल्या खडकांत आहे, आणि आजच्या घोड्याचे कुळ सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी बेरिंगिया ओलांडून आशियात आले. उंटाचेही तसेच, त्याचे पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी तिकडून इकडे आले. राजस्थानचा उंट काय किंवा मराठ्यांच्या स्वाऱ्यांत दौडलेली भीमथडीची तट्टे काय, त्यांच्या फार दूरच्या पूर्वजांची चराऊ राने अमेरिकेत होती. उलट दिशेने मॅमथ सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला आणि बायसन १,९५,००० ते १,३५,००० वर्षांपूर्वीच्या दरम्यान. २०२१ साली प्राचीन घोड्यांच्या डीएनएवर झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: दोन खंडांतले घोडे एकदा वेगळे झाल्यावरही पुन्हा पुन्हा भेटत, मिसळत राहिले होते, आणि ही ये-जा दोन्ही दिशांनी होती. दुसरीकडे लोकरी गेंडा सैबेरियाच्या पूर्व टोकापर्यंत पोहोचला, पण अलास्कात त्याचे एकही हाड मिळत नाही. अमेरिकेतले आखूड तोंडाचे प्रचंड अस्वल आशियात कधी आले नाही. जमीन सलग असताना हे का अडले? याचे पटणारे उत्तर पुराजीवशास्त्रज्ञ डेल गथ्री यांनी दिले. बेरिंगियाचा मधला पट्टा तुलनेने ओलसर आणि झुडुपांचा होता, आणि कोरड्या गवताळ माळावर जगणाऱ्या काही प्राण्यांना तो पार करणे जमले नाही. समुद्रतळातून काढलेल्या गाळात सापडलेले भुंगेऱ्यांचे अवशेष आणि परागकण या मताला दुजोरा देतात. जमीन मोकळी असणे पुरेसे नसते, हे गेंड्याच्या उदाहरणावरून कळते. कोण पुढे जाणार आणि कोण थांबणार हे चारा, ओल आणि बर्फाची जाडी ठरवत होती.

माणसाची कथा मात्र वेगळ्याच पुराव्यावर उभी राहिली. १९०८ च्या पुरानंतर न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम गावाजवळ जॉर्ज मॅकजंकिन या गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय गुराख्याला खचलेल्या काठात बायसनची मोठमोठी हाडे दिसली. ही हाडे नेहमीची नाहीत हे त्याने ओळखले. पण तो हयात असेपर्यंत तज्ज्ञांपैकी कुणी तिथे खणले नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १९२७ मध्ये, त्याच जागी नामशेष बायसनच्या बरगड्यांत रुतलेले दगडी पाते सापडले, आणि माणूस हिमयुगातही अमेरिकेत होता हे मान्य करावे लागले. पुढे त्याच राज्यातल्या क्लोविस गावाजवळ त्याहून जुनी पाती मिळाली. त्यांचे वय आज सुमारे १३ हजार वर्षे धरले जाते. तिथून एक सुटसुटीत मांडणी तयार झाली: कॅनडावर पसरलेल्या दोन बर्फचादरी एकमेकींपासून विलग झाल्या, मधे वाट मोकळी झाली, तिथून मॅमथचे शिकारी खाली उतरले आणि बघता बघता दोन्ही खंडांत पसरले. ही मांडणी करणारे हटवादी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्लोविसपेक्षा जुने म्हणून पुढे आलेले अनेक दावे तपासणीत खरोखरच कोसळले होते, आणि कडक निकष लावल्याशिवाय शास्त्र चालत नाही. त्यांची चूक निकषांत नव्हती. ती वाट चालण्याजोगी कधी झाली, हे त्यांनी पात्यांच्या वयावरून ठरवले. तिथे गवत कधी उगवले हे विचारलेच नाही.

तो प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तर स्पष्ट आले. २०१६ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात त्या वाटेच्या सर्वांत अरुंद भागातल्या तळ्यांच्या गाळातून डीएनए काढून पाहिला, तर तिथे गवत, झुडपे आणि जनावरे सुमारे १२,६०० वर्षांपूर्वीच दिसू लागतात. दुसऱ्यात उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे बायसन एकमेकांत कधी मिसळले ते पाहिले; ते साधारण १३ हजार वर्षांपूर्वीचे निघाले. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण त्याआधी ही वाट उपाशी होती यावर दोन्हींचे एकमत आहे. आणि दक्षिण चिलीतल्या मॉन्ते व्हेर्देला टॉम डिलेहे यांच्या उत्खननात सापडलेली वस्ती सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. लाकडी खोपटांचे अवशेष, रानबटाटे, एका लहान मुलाच्या पावलाचा ठसा, किनाऱ्यावरून आणलेल्या समुद्रवनस्पती, असे सगळे तिथे दलदलीच्या झाकणाखाली टिकले होते. १९९७ मध्ये क्लोविसवाद्यांसह तज्ज्ञांचा गट स्वतः तिथे गेला आणि त्याने ही जागा मान्य केली. वाट उघडण्याआधी माणूस खंडाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर तो दुसरीकडून आला असला पाहिजे. पुरातत्त्वज्ञ क्नुट फ्लॅडमार्क यांनी १९७९ मध्येच पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे बोट दाखवले होते.

इथे एक रास्त हरकत घेतली जाते. माणूस म्हणजे बायसन नव्हे. त्याच्याकडे विस्तव होता, शिवलेले कपडे होते, बहुधा नावाही होत्या, मग त्याची वाट जनावरांच्या वाटेवरून कशी ठरवायची? हरकतीत तथ्य आहे. पण नाव असली तरी पोट भरावे लागते. किनाऱ्यावर तगायचे तर सील, मासे, शिंपले आणि समुद्री गवताची राने हवीत, आणि बर्फाची कडा समुद्रात घुसलेली नको. माणसाला पर्याय जास्त होते एवढाच फरक. त्यातला प्रत्येक पर्याय कुठल्या ना कुठल्या जिवावर टेकलेला होता. बेरिंगियाच्या मधल्या पट्ट्यात हे नीट दिसते. ज्या झुडपांनी गेंड्याला अडवले, त्याच झुडपांनी माणसाला सरपण पुरवले असेल. उघड्या माळावर हाडे जाळून ऊब मिळते, पण हाड पेटवायला आधी थोडे लाकूड लागतेच.

अशा थंडीत माणूस राहू शकत होता याचा थेट पुरावा सैबेरियात आहे. याना नदीकाठी, ७१ अंश उत्तरेला, सुमारे ३१,६०० वर्षांपूर्वीची वस्ती सापडली आहे. तिथे मिळालेल्या दोन मुलांच्या दुधाच्या दातांतून पूर्ण जनुकीय आराखडा मिळाला. बैकाल सरोवराजवळच्या माल्टा इथल्या २४ हजार वर्षांपूर्वीच्या मुलाचा वंश आजच्या अमेरिकी आदिवासींच्या पूर्वजांत साधारण एक तृतीयांशापर्यंत भरतो. बाकीचा वाटा पूर्व आशियाचा. अलास्कातल्या साडेअकरा हजार वर्षांपूर्वीच्या दोन बालकांचा डीएनए २०१८ मध्ये वाचला गेला. ती एका अशा शाखेची निघाली जी इतर अमेरिकी आदिवासींपासून फार पूर्वी वेगळी होऊन उत्तरेतच राहिली होती. आशियातल्या नातलगांपासून तुटलेला एक समूह हजारो वर्षे कुठेतरी एकाकी राहिला, असे २००७ पासून मांडले जाते. तो बेरिंगियातच राहिला का, यावर आक्षेप असा की त्या काळची वस्तीची जागा तिथे मिळालेली नाही. जमीन बुडाली म्हणून पुरावा बुडाला, एवढे उत्तर मला अपुरे वाटते. त्या आधाराने काहीही सिद्ध करता येईल. पण याना, माल्टा, अलास्कातली बालके आणि गाळातले परागकण एकत्र ठेवले की हे अनुमान इतर कुठल्याही अनुमानापेक्षा जास्त धागे जोडते.

सगळ्यांत मोठा वाद न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथल्या पाऊलखुणांचा. २०२१ मध्ये त्यांचे वय २३ ते २१ हजार वर्षे म्हणून जाहीर झाले, म्हणजे कॅनडातली वाट बर्फाने पूर्ण बंद असतानाचे. आक्षेप चोख होता: वय ठरवले ते पाण्यात वाढणाऱ्या गवताच्या बियांवरून, आणि अशी वनस्पती पाण्यात विरघळलेला जुना कार्बन शोषून खऱ्यापेक्षा जुनी दिसू शकते. संशोधकांनी तो मनावर घेतला. २०२३ मध्ये त्यांनी त्याच थरांतले सूचिपर्णी झाडांचे परागकण, म्हणजे हवेतून कार्बन घेणाऱ्या झाडांचे, आणि वाळूतले क्वार्ट्झचे कण तपासले. वय तेच आले. तरी वाद पूर्ण मिटलेला नाही, कारण तिथे हत्यारे जवळजवळ नाहीत. पण २३ हजार वर्षांपूर्वी तिथे माणूस असेल तर तो बर्फाने वाट बंद होण्याआधी उतरला असणार, आणि बेरिंगियाची जमीन ३५,७०० वर्षांपूर्वीच्या सुमारास वर आली हे अलीकडचे अनुमान त्याला पुरेसा वेळ देते. तिथल्याच मैदानावर दीड किलोमीटरहून लांब गेलेली एक पाऊलवाट आहे, आणखी नंतरच्या काळातली असू शकेल अशी. एक बाई किंवा किशोरवयीन व्यक्ती लहान मुलाला कडेवर घेऊन चिखलातून झपाझप गेली, मधेच मूल खाली उतरवले, आणि परतताना त्याच वाटेने एकटी आली. त्या जाण्या-येण्याच्या मधल्या वेळात एक मॅमथ आणि एक महाकाय स्लॉथ तीच वाट ओलांडून गेले. माणसाचा आणि जनावरांचा इतिहास एकाच चिखलात इतका स्पष्ट एकत्र उमटलेला दुसरीकडे सहसा सापडत नाही.

या साऱ्या कथेला अमेरिकी आदिवासींकडूनच आक्षेप आला आहे. व्हाइन डेलोरिया यांनी १९९५ मध्ये बेरिंगवाटेचा सिद्धान्त ठामपणे नाकारला. ‘तुम्हीही बाहेरूनच आलात’ असे म्हणून जमिनी बळकावण्याला त्यातून आधार मिळतो, अशी त्यांची तक्रार होती. विज्ञानाच्या निष्कर्षावर मी त्यांच्याशी सहमत नाही. तक्रार मात्र खरी आहे. १९९६ मध्ये कोलंबिया नदीकाठी मिळालेल्या केनेविकच्या सांगाड्याची कवटी आदिवासींसारखी नाही म्हणून अनेक वर्षे कोर्टकज्जा चालला, आणि २०१५ मध्ये डीएनएने तो आदिवासींचाच पूर्वज ठरवला. २०१७ मध्ये त्याचे दफन झाले. पंधरा-वीस हजार वर्षे एखाद्या भूमीत राहिलेल्यांना पाहुणे म्हणण्याचा अधिकार कुठल्याच पुराव्यातून मिळत नाही. आणि ये-जा नंतरही थांबली नव्हती: समुद्राने जमीन गिळल्यावर, गेल्या काही हजार वर्षांत, अलास्कातले लोक नावांनी परत आशियाच्या किनाऱ्यावर गेल्याचे जनुकीय पुरावे आहेत. युपिक समाज आजही सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना राहतो. १९४८ मध्ये शीतयुद्धाने ती सीमा बंद केली, तोवर त्यांचे नातेवाईक समुद्र ओलांडून एकमेकांकडे जात असत. भेटीगाठी पुन्हा सुरू व्हायला १९८८ साल उजाडले.