‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ नव्हे

लाल रक्तपेशींवरील शर्करांच्या साखळीला टोकाशी कोणती शर्करा जोडलेली आहे, यावरून माणसाचा ए, बी किंवा ओ रक्तगट ठरतो; मात्र नीरेकाठच्या कारखान्यांत पोत्यांत भरली जाणारी साखर येथे कामाची नाही, येथे लागतात फ्युकोज, गॅलॅक्टोज यांसारख्या सुट्या शर्करा. त्या जोडणाऱ्या विकरांच्या, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, कुळाला ग्लायकोसिलट्रान्सफरेज म्हणतात. ‘ए’ आणि ‘बी’ विकरांत प्रत्येकी ३५४ अमिनो आम्ले असून फरक अवघ्या चार जागी आहे. त्यांतही २६६ आणि २६८ या जागी ‘बी’ विकरात थोडी मोठी अमिनो आम्ले बसल्याने शर्करा धरणारी खाच अरुंद होते आणि ‘ए’ विकराला सहज पेलणारी जाडजूड शर्करा तिच्यात मावत नाही.

दोन्ही विकरांना आधी ‘एच’ हा पाया तयार लागतो आणि तो एफयूटी१ हे विकर फ्युकोज जोडून घालते. हा पायाच नसलेल्या रक्ताचे वर्णन मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केले, म्हणून त्याला ‘बॉम्बे’ नाव पडले. नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ भासते. परंतु ‘ओ’ पेशींवर ‘एच’ भरपूर असते आणि बॉम्बे गटाच्या रक्तात ‘एच’विरोधी प्रतिपिंडे असतात, त्यामुळे सर्वांना चालते असे मानलेले ‘ओ’ रक्तही या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

‘लॅन्सेट’मधील त्या लेखाच्या सात लेखकांतील विनिफ्रेड वॉटकिन्स यांचे नाव आज क्वचितच घेतले जाते. वास्तविक ‘एच’ हा ‘ए’ व ‘बी’चा पूर्वज आहे आणि जनुके शर्करा जोडणाऱ्या विकरांमार्फत काम करतात, ही मांडणी त्यांनी वॉल्टर मॉर्गन यांच्यासह १९५९ मध्ये केली, तीही यांतील एकाही विकराची रचना कोणी पाहिलेली नसताना. पुढे भारतीय बॉम्बे गटात एफयूटी१च्या २४२व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन आढळले. शिवाय लाळेत ‘एच’ बनवणारे शेजारचे एफयूटी२ जनुकच गळालेले निघाले.

बातम्यांत या गटाला अधूनमधून ‘आजार’ म्हटले जाते, ते मात्र चूक आहे, कारण रक्त घेण्याची वेळ येईपर्यंत ही माणसे धडधाकट असतात. आजार होतो तो फ्युकोज पोहोचवणारा वाहकच बिघडला तर: मग या कुळातील सगळीच फ्युकोज जोडणारी विकरे रिकाम्या हाताने बसतात, पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही आणि मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होतो. अशा मुलांचा रक्तगटही बॉम्बेच निघतो.