जुने तांबे, खार आणि कातळ

जुन्या घरांचे वायरिंग काढताना किंवा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पॅनेल बदलताना निघणारे तांबे भंगाराच्या भावात विकले जाते. त्यातल्या जाड पट्ट्या आणि तारा अर्थिंगसाठी पुन्हा वापरायला काहीच हरकत नाही. वयामुळे तांब्याची वाहकता घटत नाही. हिरवट थर वरवरचा असतो. २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या १० मीटर तारेचा रोध जेमतेम ०.००७ ओहम भरतो. अर्थिंगचे काही ओहम, कधी काही दशक ओहम येतात ते मातीतून. एकसारख्या मातीत अर्थिंगच्या सळईची जाडी दुप्पट केली तर हा रोध सुमारे एक दशांशच उतरतो, लांबी दुप्पट केली तर चाळीस टक्क्यांहून अधिक. म्हणून नव्या तांब्यावरचा पैसा वाचवून तो खोलीवर घालावा. रोह्याच्या कातळात मात्र खोलीचा हा फायदा धरून चालू नये, कारण तिथे कोरड्या खडकातून वीज सहज पसरत नाही.

जुनी तार फॉल्टचा प्रवाह सोसेल का, ही शंका रास्त आहे. उत्तर तारेच्या छेदात आणि जोडात आहे. गंजापासून संरक्षण नसलेल्या, जमिनीत पुरायच्या तांब्यासाठी आंतरराष्ट्रीय निकष किमान २५ चौरस मिलिमीटर सांगतो. घरातल्या बारीक तारा पिळून हा छेद भरून काढू नये. मोटारीच्या वाइंडिंगवरचे व्हार्निश जोडाच्या जागी खरवडलेच पाहिजे. प्लॅस्टिक जाळून तांबे काढणे तर सोडूनच द्यावे, तो धूर विषारी असतो. वादळात खांबावरून पडलेली तारही या हिशेबात नको: ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते, ओल्या मातीत झिजते, शिवाय ती महावितरणची मालमत्ता असते.

सर्वांत वजनदार आक्षेप पेणच्या खारजमिनीचा आहे. धरमतर खाडीकडच्या खारट चिखलात रोध आपोआप कमी मिळतो, पण तीच खार धातू खाते. चिखलातले जिवाणू सल्फाइड तयार करतात आणि ते तांब्यालाही सोडत नाही. त्याहून मोठा धोका शेजारच्या लोखंडाला: ओल्या मातीतले तांबे आणि जीआय पाइप एकमेकांना जोडले गेले की झिजतो तो पाइप. तेव्हा इथे तांबे जाडच घ्यावे, लोखंडाशी सांधा करावाच लागला तर तो जमिनीवर, कोरड्या आणि तपासता येईल अशा जागी कथिलाचा मुलामा दिलेल्या लगने करावा आणि खड्ड्यात वरून मीठ ओतू नये. तार जुनी असो वा नवी, वायरमनकडून अर्थ टेस्टरची मोजणी पावसाळ्यात नव्हे, मे महिन्यात करून घ्या. माती सर्वांत कोरडी असताना आलेला आकडाच धरावा.