जवसाच्या तेलातली कोंबडी

नागपूरच्या सीताबर्डीवर, म्हणजे आमच्या बर्डीवर, तरुणांच्या जिभेला तळलेल्या कोंबडीची चटक लागली आहे, त्यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं. जपानी करागेपासून सुरुवात करावी म्हणून वाचायला घेतलं. कोंबडीच्या तंगडीचं मांस सोया सॉस, आलं, लसूण यांत मुरवायचं, बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवायचं आणि तळायचं. क्यूशू बेटावरची नाकात्सू आणि उसा ही गावं या एका पदार्थासाठी जपानभर ओळखली जातात. वाचता वाचता मन नागपूरच्या सावजी रश्श्याकडेच ओढ घेऊ लागलं. शेवटी सीताबर्डीची गर्दी मागे टाकून गोळीबार चौकाकडे निघाले.

सावजीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. हा स्वयंपाक हलबा कोष्टी समाजाचा, म्हणजे विणकरांचा. १८७७ साली जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले आणि हातमागाचा धंदा बसत गेला. मग घरातल्या बायकांच्या हातची चव पोटापाण्याला आली. घराच्या पुढच्या खोलीत चार पाट मांडून खाणावळी सुरू झाल्या. आज हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून येणारी मंडळीही सावजीचा पत्ता विचारतात.

मला मात्र खिळवून ठेवलं ते तेलानं. जुन्या पद्धतीचा सावजी रस्सा जवसाच्या तेलात होतो. गोळीबार चौकातल्या खाणावळीत चुलीपाशी बसलेल्या काकूंनी तेलाची कढई तापत ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्यात काही टाकलंच नाही. कच्चा, उग्र वास पुरता जाईस्तोर थांबायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. घाई केली तर अख्खा रस्सा कडवटतो. जवसाचं तेल हट्टी खरंच. हवा लागली की ते घट्ट होत जातं, म्हणून तर रंग आणि वॉर्निश बनवणाऱ्यांना ते हवं असतं. आणि त्याच गुणामुळे ते लवकर खवट होतं. घाण्याचं ताजं तेल थोडं थोडं आणूनच वापरावं लागतं.

तेल निवळलं की मसाला. धने, खसखस, सुकं खोबरं, मिरे, शहाजिरे, मसाला वेलची, दगडफूल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खसखस जिथे करपते तिथे खोबऱ्याला नुसती आच लागलेली असते. मग पाट्यावर पाणी शिंपडत वाटायचं. काकूंच्या मनगटाला थांबणं ठाऊक नव्हतं. सावजी म्हणजे नुसता जाळ, असं बाहेरगावचे लोक समजतात, ते चूक आहे. मिरचीचा ठसका पहिल्या घासाला लागतो, पण जिभेवर मागे राहते ती भाजणीची काळसर, दगडफुलाची चव. ती या मनगटातून येते.

आणि तीच आता धोक्यात आहे. विदर्भात सोयाबीन आलं आणि रब्बीतला जवस मागे हटला. बर्डीला लागून असलेल्या महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयात जवसाचे सुधारित वाण तयार झाले, तरी शेतकऱ्याला त्यात भाव दिसला नाही. मग घाण्याचं तेल महागलं आणि खाणावळीत सोयाबीनचा डबा आला. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं क्षेत्रही रोडावलं. तिच्या जागी परमुलखातली तिखट मिरची आली. गावरान कोंबडीला शिजायला वेळ लागतो, तेवढ्यात तिच्या अंगात मसाला उतरतो. ब्रॉयलर लवकर शिजते आणि रस्सा वरवरच राहतो. पाट्याची जागा मिक्सरनं घेतली, कारण दिवसभर वाटणाऱ्या बाईला पुरेशी मजुरी द्यायची तर ताटाचा दर वाढवावा लागतो आणि दर वाढला की गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळतं. सावजीची पाटी तर कुणीही लावतं. भरपूर तिखट आणि वर तेलाचा तवंग एवढ्या भांडवलावर ती चालतेही. या पाट्यांची मला खरी काळजी वाटते, कारण ज्यानं सावजी म्हणून पहिल्यांदा तेच खाल्लं, तो दुसऱ्यांदा शोधत येणार नाही.

म्हणून नागपूरकरांना एक विनंती आहे. सावजीत बसलात की तेल कोणतं आणि मसाला कुणी वाटला, हे विचारा. जवसाचं तेल आणि पाट्यावरचा मसाला असेल, तर ताटाचे जास्तीचे पैसे कुरकुर न करता द्या.