दम्यातील देहबाह्य श्वसनाधार

दम्याच्या अतितीव्र झटक्यात औषधे व कृत्रिम श्वसनयंत्र ही दोन्ही अपुरी पडली असता, रोग्याचे रक्त शरीराबाहेर काढून यंत्राद्वारे त्यातील वायूंची अदलाबदल घडवून ते परत शरीरात सोडण्याच्या पद्धतीस देहबाह्य श्वसनाधार म्हणतात. रुग्णालयांत ती ‘एक्मो’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते.

दम्यात मुख्य अडचण उच्छ्वासाची असते. श्वासनलिकांचे स्नायू आकुंचन पावतात, अस्तर सुजते व चिकट श्लेष्म्याने मार्ग बुजतो. आतील हवा पुरती बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास घेतला गेल्याने फुप्फुसे फुगत जातात, रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचतो व अम्लता वाढते. अशा वेळी श्वसनयंत्राने जोराने हवा भरल्यास छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त अडते व रक्तदाब घसरतो. क्वचित फुप्फुस फाटते. म्हणून यंत्राचा वेग कमी ठेवून उच्छ्वासास जादा अवधी देतात आणि कार्बन डाय-ऑक्साइडची काहीशी वाढ चालवून घेतात. तीही असह्य झाल्यास देहबाह्य आधाराचा विचार करावा लागतो.

बहुधा मांडीच्या नीलेतून जाड नळीने काढलेले रक्त पंपाच्या साहाय्याने पोकळ तंतूंच्या पटलावरून नेतात व मानेतील नीलेवाटे परत सोडतात. कार्बन डाय-ऑक्साइड पटलातून सहज निघून जात असल्याने तो काढण्यास, ऑक्सिजन पुरविण्याच्या मानाने, बराच कमी रक्तप्रवाह पुरतो. दम्यात ही गोष्ट विशेष सोयीची ठरते. यंत्राने दमा बरा होत नाही. स्टेरॉइडे व श्वासनलिका रुंदावणारी औषधे लागू पडेपर्यंत फुप्फुसांना विसावा मिळतो. रक्त गोठू नये म्हणून हेपारीन द्यावे लागते व त्यामुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो.

प्रौढ रोग्यावर अशा यंत्राचा दीर्घकाळ वापर प्रथम १९७१ मध्ये अमेरिकेत यशस्वी झाला. तो रोगी अपघातग्रस्त होता. दम्यातील वापराचा वृत्तांत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय नोंदवहीतील १९९२ ते २०१६ या काळातील २७२ प्रौढ दमेकऱ्यांपैकी सुमारे ८३ टक्के वाचले. मात्र हे निवडक रोगी होते व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानात घ्यावयास हवे.

ही सामग्री व ती हाताळणारे पथक मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांतच असते. वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारख्या गावच्या रोग्याला तेथवर पोहोचण्यास वर्धा, सेवाग्राम, नागपूर असे टप्पे ओलांडावे लागतात. त्यामुळे धोक्याची लक्षणे गावातच ओळखली जाणे महत्त्वाचे ठरते : वाक्य पुरे बोलता न येणे, ओठ निळसर होणे, ग्लानी येणे. छातीतील शिटीसारखा आवाज क्षीण झाला की झटका ओसरला असे नातेवाइकांना वाटते. वस्तुतः हवेची ये-जाच थांबत आल्याचे ते चिन्ह असू शकते. जलद श्वसनामुळे झटक्याच्या आरंभी रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी असतो. पुढे तो ‘सामान्य’ पातळीवर आलेला दिसला, तर रोगी थकत चालला आहे असे समजून त्यास त्वरित हलवितात. असे झटके टाळण्यासाठी श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइडे नियमितपणे देतात. तात्पुरता आराम देणाऱ्या फवाऱ्यावरच विसंबून राहण्याचा सल्ला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१९ पासून देणे बंद केले आहे.