मोरोक्कोचा मिनार, फ्लोरिडाच्या तळ्याकाठी

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ऑर्लँडो शहराजवळ, डिस्ने कंपनीचे 'एपकॉट' नावाचे मोठे करमणूक उद्यान आहे. ते १९८२ साली सुरू झाले. तिथल्या तळ्याभोवती निरनिराळ्या देशांची दालने आहेत. दालन म्हणजे एक खोली नव्हे; चौक, दुकाने, खाणावळी असलेला छोटा मोहल्लाच म्हणा. सुरुवातीला असे नऊ देश होते. दहावा आला १९८४ साली, तो मोरोक्को. त्या तळ्याकाठचा तो आजही एकमेव मुस्लिम देश आहे.

बहुतेक दालनांना व्यापारी कंपन्यांचा पैसा मिळाला होता. मोरोक्कोच्या दालनामागे मात्र खुद्द त्या देशाचे सरकार उभे राहिले. राजे हसन दुसरे यांनी जातीने लक्ष घातले आणि आपल्या देशातले कारागीर फ्लोरिडाला पाठवले. भिंतींवरचे काम त्यांच्या हातचे आहे.

हे काम म्हणजे 'झेलीज'. झिलई दिलेल्या रंगीत फरशा जड हातोडीने टिपून त्यांचे चांदणीसारखे, चौकोनी, पाकळीदार तुकडे करायचे. ते पालथे मांडून नक्षी जुळवायची आणि मागून चुना किंवा सिमेंट ओतायचे. म्हणजे कारागिराला काम करताना रंग दिसतच नाहीत. नक्षी सगळी डोक्यात. पिढ्यानपिढ्या उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेली ही भूमिती आहे. माणसाचे किंवा प्राण्याचे चित्र तिच्यात नसते.

दालनात फेज शहरातल्या बाब बू जुलूद दरवाजाची प्रतिकृती आहे. दरवाजाच्या अलीकडे नवे शहर, पलीकडे जुनी मदीना. आत मधोमध अंगण असलेले एक फेजी घर आहे. आणि सर्वांत ठळक दिसतो तो माराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मिनाराचा नमुना. मूळ मिनार बाराव्या शतकातला, सुमारे ७७ मीटर उंच. आपल्या कुतुबमिनाराशी त्याच्या नावाचा संबंध नाही. इथले 'कुतुब' म्हणजे किताबचे अनेकवचन. मशिदीजवळ पुस्तकविक्रेत्यांचा बाजार भरत असे, त्यावरून हे नाव पडले. पुस्तकवाल्यांच्या नावाने ओळखली जाणारी मशीद! उर्दू-मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट फार मोलाची वाटते.

इथपर्यंत सगळे अस्सल. पण याच दालनात मुलांना डिस्नेचे अलाउद्दीन आणि जास्मिन भेटत आले आहेत. अलाउद्दीनची जुनी गोष्ट घडते चीनमध्ये. डिस्नेने तिच्यासाठी 'अग्राबा' नावाचे काल्पनिक शहर रचले. मूळ गोष्टीत मोरोक्कोच्या बाजूचा, म्हणजे मगरिबचा माणूस एकच, आणि तो दुष्ट जादूगार! तिथल्या 'माराकेश' खाणावळीत अनेक वर्षे बेली डान्सही होत असे. तो नाच मुळात मिसरच्या बाजूचा. चीन, मिसर आणि मोरोक्को यांच्यातले अंतर हजारो मैलांचे, पण करमणुकीच्या बाजारात सगळे 'अरबी' म्हणून एकाच पातेल्यात शिजते.

इथेच आई-वडिलांचे काम सुरू होते. भिंती अस्सल झाल्या, कारण त्या ज्यांच्या होत्या त्यांनीच बांधल्या. गोष्ट दुसऱ्याने सांगितली, म्हणून ती भेसळीची झाली. आपल्यापैकी फारच थोडे फ्लोरिडाला जातील, पण अलाउद्दीन तर मोबाईलमधून प्रत्येक घरात आलेला आहे. त्याला घराबाहेर काढण्याची गरज नाही. त्याच्या शेजारी खरी माणसे आणून बसवायला हवीत.

फेजमधली कारवीयीन मशीद आणि तिचे विद्यापीठ घ्या. परंपरा सांगते की ८५९ साली फातिमा अल-फिहरी या महिलेने वारशाच्या पैशातून त्याची पायाभरणी केली. आपल्या मुलींना ही फातिमा जास्मिनच्या आधी माहीत असावी. दुसरा इब्न बतूता. १३०४ साली टँजियरला जन्मलेला हा मुसाफिर दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी काझी होता. पुढे चीनकडे वकील म्हणून निघाला तेव्हा तो आपल्या दौलताबादेवरून गेला आणि त्याने मराठी मुलखातल्या लोकांविषयी लिहूनही ठेवले. मोरोक्को आपल्या घराच्या किती जवळून गेला आहे, पाहा!

शाळांमधून 'देशोदेशींची संस्कृती' अशी प्रदर्शने भरतात. मुस्लिम देशाच्या टेबलावर बहुधा उंट, खजुराचे झाड आणि चकचकीत कापड मांडले जाते. यंदा मुलांना तीन प्रश्न विचारून पाहा. ही वस्तू नेमकी कोणत्या शहरातली? ती कोण बनवते? आणि त्या शहरातल्या एका खऱ्या माणसाचे नाव काय? उत्तरे शोधायला सुट्टीचे दोन दिवस आणि घरातला एक नकाशा पुरे होतो. दौलताबादला सहल गेली, तर किल्ल्याच्या पायथ्याशी इब्न बतूताचे नाव जरूर घ्या.