कांद्याची पट्टी

ओतूरचा मामा कांद्याच्या गाडीबरोबर माळशेज उतरून पहाटे वाशीच्या बाजारात येतो. माल विकला गेला की चहाला कोपरखैरण्याला, आमच्याकडे. खिशात पट्टी. गोण्या, वजन, दर, रक्कम. खाली वजा जाणारी हमाली, तोलाई, मोटारभाडं. शेवटी हातात पडणारे पैसे.

"महाप्याच्या हापिसात दिवसभर करतेस तरी काय गं तू?" त्याने एकदा विचारलं. मी त्याच्या हातातली पट्टी घेतली. "हेच."

खोटं नव्हतं ते. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत आधी क्लास लिहितात, म्हणजे कोरं पट्टीबुक: कुठले रकाने, कशात आकडा, कशात नाव. त्यातलं एक पान भरलं की झाला ऑब्जेक्ट. हे ऑब्जेक्ट कांदा तोलत नाही, भाव करत नाही. नुसती माहिती घेऊन फॉर्मपासून सर्व्हरपर्यंत आणि तिथून पुढे डेटाबेसपर्यंत जातं. गोण्या किती, वजन किती, दर काय, हे एकेक करून विचारायचं तर दर वेळी नेटवर्कवरून एक खेप. ओतूरहून रोज एकच गोणी आणण्यातला प्रकार. म्हणून सगळं एका पानावर. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरच्या 2002च्या पुस्तकात याचं नाव 'डेटा ट्रान्स्फर ऑब्जेक्ट' असं आहे.

नावाचा महिमा आमच्या धंद्यात मोठा. साधे ऑब्जेक्ट कुणी वापरेना, कारण त्यांना भारदस्त नाव नाही, असं फाउलर, रिबेका पार्सन्स आणि जॉश मॅकेन्झी यांच्या 2000 साली लक्षात आलं. त्यांनी 'प्लेन ओल्ड जावा ऑब्जेक्ट', म्हणजे 'पोजो', असं बारसं केलं. लोक लगेच वापरायला लागले!

माझी फजिती या पोजोतच झाली. हिशेबाच्या एका ॲपमध्ये वजनाचा रकाना मी 'इंट' प्रकारचा ठेवला होता. त्यात काही भरलं नाही तर जावा गुपचूप शून्य धरते. एका सकाळी एका मालाचं वजन व्हायचं होतं, पण पट्टी निघाली: वजन 0, रक्कम 0, हमाली-भाडं वजा, निव्वळ उणे 4,210 रुपये. म्हणजे कांदा देऊन वर शेतकऱ्याच्याच अंगावर बाकी.

मामाला हे सांगितलं, तर तो हसलाच नाही. "वजन झालं नसेल तर रकाना मोकळा सोडायचा. शून्य कशाला लिहायचं?"

त्याच दिवशी 'इंट' काढून 'इंटिजर' केलं. त्यात रकाना मोकळा, म्हणजे 'नल', राहू शकतो. सेटरही उडवले. सेटर म्हणजे भरलेल्या पानावर पुन्हा पेन चालवायची मुभा, आणि कोडात ते पेन कुणाकुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. खाडाखोड केलेली पट्टी मामा घेतच नाही, नवी लिहून मागतो. जावाने त्यासाठी 'रेकॉर्ड' आणला, मार्च 2021मध्ये, सोळाव्या आवृत्तीत: एकदा भरला की रकाना बदलत नाही, दुरुस्ती हवी तर नवं पान.

चहा संपल्यावर मामाने पट्टी चार घड्या घालून खिशात ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहिलं होतं: 'सुतळी. आईची गोळी. गाडीवाल्याला 200 द्यायचे.' माझ्या क्लासमध्ये याला रकाना नाही.